हाती धुपाटणं

अस्रची नमाज झाली की मी आधी चुलीपाशी जाते.
चहाचं आधण उतरवलेलं असतं,
खाली तीन-चार निखारे अजून जागे.
त्यातला मधला घ्यायचा. कडेचे लवकर विझतात,
आणि फार लाल असला तर ऊन्सी करपून कडू होते.
सांगून येत नाही हे.
दोनदा कडू झाली की येतं.

ऊन्सी आम्ही घरीच करतो.
साखर कढवायची, पाक गोळीबंद होऊ द्यायचा,
मग लोबानाचा भरडा,
मग अत्तराची अर्धी बाटली, तोंड फिरवून, दारं सताड उघडी ठेवून.
परातीत थापायची. गार झाली की बत्त्याने फोडायची.
शेजारची सहरा तीत आणखी काय घालते ते सांगत नाही.
मी विचारतही नाही.
तिच्या दारावरून जाताना मात्र
हळू चालते.

धुपाटणं पांढऱ्या मऊ दगडाचं, चाकूने कोरलेलं,
कमरेत बारीक, एक कान तुटका.
हर्गेसावर विमानं आली त्या दुपारी
आईने दोनच गोष्टी उचलल्या,
एका काखेत इदिल, दुसऱ्या हातात हे.
मी तिच्या ओढणीचं टोक धरून.
सरहद्दीपर्यंत किती रात्री, मला मोजता येत नव्हतं तेव्हा.
वाटेत तेलाचा डबा सांडला.
तुपाचा बुधला एका ट्रकवाल्याला दिला,
पाण्याच्या बदल्यात.

छावणीत पोचलो तर हाती हे होतं,
आणि यात घालायला काहीच नव्हतं.
आई तरीही रोज संध्याकाळी
यात एक निखारा ठेवायची. नुसता निखारा.
आजूबाजूच्या तंबूंतल्या बाया येऊन बसायच्या,
हात शेकायच्या,
आणि कुणीतरी म्हणायचीच,
आज वास छान आहे, शामिस.

आता ऊन्सीचा डबा भरलेला असतो.
आधी अंथरुणं, मग पडदे,
मग गूलेदचे शर्ट, दोरीवर, धुराच्या वाटेत.
तो बर्बेराहून ट्रक घेऊन येतो, बंदराचा वास घेऊन येतो.
तो वास जात नाही.
जावा असंही काही नाही.
शेवटी मी स्वतः. परकराच्या घेरात धुपाटणं घेऊन
उभी राहते, डोळे मिटून,
आणि तेवढ्या वेळात कुणी हाक मारली
तर ती मला ऐकू येत नाही.

इदिल मिनिआपोलिसला, बाराव्या मजल्यावर.
तिथं म्हणे छतालाच एक डोळा असतो,
धूर दिसला की किंचाळतो.
पहिल्या वर्षी अख्खी इमारत बर्फात उतरली,
म्हातारे, लेकरं, कुणाच्या काखेत मांजर,
आणि बंबवाल्यांसमोर ही,
हातात ऊन्सीचा डबा.
आता तिच्याकडे विजेची धूपदाणी आहे.
राख नाही, धूर नाही.
वास येतो गं, म्हणते, पण बसावंसं वाटत नाही.

म्हणून ती या वेळी फोन लावते.
तिथं अजून पहाटेचा अंधार.
बोलत नाही काही.
मी फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवते.
खडा निखाऱ्यावर पडतो तेव्हा जो बारीक आवाज होतो,
तो तिला ऐकू येतो म्हणते.
मला काही खरं वाटत नाही.
मला तिच्याकडचा हीटर ऐकू येतो, टक, टक.

काल डबा रिकामा निघाला.
फोन वाजत होता, मी तिला सांगितलं नाही.
निखारा तेवढा ठेवला, वर काही नाही,
आणि बसले.
बऱ्याच वेळाने ती म्हणाली,
आज वास छान आहे.

ती तेव्हा अंगावर पीत होती.
तिला कुणी सांगितलं हे?
विचारीन म्हटलं, तर फोन ठेवून कामावर गेलेली.
मी उठून शर्ट काढले.
एकाची बाही थोडी होरपळली होती.